सकाळी सहा वाजताचं गरम पाणी : कळमेश्वरजवळच्या एका डेअरीचं प्रकरण

डेअरीच्या मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलेला प्रश्न जसाच्या तसा देतो. "भाऊ, सूर्य तं फुकट हाये, मंग सिलिंडर काऊन तेवढेच लागून राहिले?"

गच्चीवर १,००० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवून त्यांना दोन वर्षं झाली होती. पहिल्या हिवाळ्यात गॅस थोडा कमी लागला, मग पुन्हा वाढत वाढत जिथल्या तिथे आला. पुरवठादाराचं म्हणणं होतं की पाणी तर तापतं, तुम्हीच जास्त वापरता. दुपारी दोनला तो थर्मामीटर घेऊन आला, नळाखाली धरला आणि ६८ अंश दाखवून गेला. आकडा खराच होता. फक्त दुपारी दोनला त्या डेअरीत गरम पाण्याला कुणी विचारत नाही.

मी ऊर्जा तपासणीची कामं करतो. मालकांच्या विनंतीवरून डेअरीचं नाव इथे देत नाही. बाकी आकडे मी मोजलेले किंवा त्यांच्या वहीतले आहेत.

डेअरी आणि तिचं घड्याळ

नागपूरहून काटोलकडे जाताना कळमेश्वरच्या अलीकडे-पलीकडे असे बरेच घरगुती दूधधंदे दिसतात, त्यातलाच हा एक. स्वतःची साठेक जनावरं, त्यात निम्म्याहून जास्त म्हशी, आणि शेजारच्या तीन-चार गावांतून येणारं दूध. रोजचं दीड हजार लिटर. त्यातलं पाचशे लिटर कच्चंच एका मोठ्या ग्राहकाला जातं. उरलेलं हजार लिटर पाचशे-पाचशेच्या दोन घाण्यांत पाश्चराइज होतं आणि त्याचं पिशवीतलं दूध, दही, पनीर होऊन नागपुरातल्या धरमपेठ-प्रतापनगरकडे जातं. यंत्रं साधीच आहेत : दुहेरी भिंतीचं पाचशे लिटरचं पातेलं, एक बल्क कूलर (दूध गार करून ठेवायची टाकी), पिशव्या भरायचं मशीन आणि गॅसवर चालणारा गरम पाण्याचा बंब.

दूध सकाळी साडेपाचपासून येतं आणि संध्याकाळी सहापासून. धुणं त्याच्या मागोमाग, म्हणजे सकाळी सहा ते नऊ आणि रात्री सात ते नऊ. ऊन मात्र कामाचं असतं ते दहा ते चार. या डेअरीला सकाळी लागणारं पाणी काल दुपारच्या उन्हाचं असतं. पॅनेल किती लावले हा प्रश्न सगळे विचारतात. कालची ऊब आज सकाळपर्यंत कोण राखणार, हे कुणी विचारत नाही. सोलरमध्ये खरं यंत्र म्हणजे टाकी, आणि या प्रकरणात ती पूर्णपणे दुर्लक्षित होती.

जुन्या यंत्रणेची चिरफाड

डिसेंबरात एका पहाटे साडेपाचला पोचलो. हवेत चांगलाच गारठा होता. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या दिवसाची आठवण इथली माणसं अजून काढतात. त्या पहाटे तेवढं नव्हतं, पण बल्क कूलरच्या कंडेन्सरसमोर, गरम हवेच्या झोतात, डेअरीतलं कुत्रं अंगाची गुंडाळी करून झोपलं होतं. ते तेव्हा नुसतं पाहिलं.

गच्चीवर दोन आडव्या टाक्या, पाचशे-पाचशेच्या, आणि दोन्हींवर जुन्या गोधड्या बांधलेल्या. सकाळी पाणी थंड होतं म्हणून मालकांच्या आईंनी गुंडाळल्या होत्या. नळाचं पाणी मोजलं : ४६ अंश.

रात्रभरात वीस अंश उतरले कसे? टाकीची ऊब बाहेर गेली, असं पुरवठादार म्हणाला होता. हिशेब करून पाहिला. पन्नास मिलिमीटर फोमचं आवरण असलेली पाचशे लिटरची टाकी बारा तासांत दोन-तीन अंश गमावते, फोम जागोजागी भिजला असेल तर आणखी दोन-तीन. वीस नक्कीच नाही. उत्तर आदल्या रात्रीच्या धुण्यात होतं. रात्री आठला पाचशे लिटर गरम पाणी काढलं की बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) तेवढंच बोअरचं गार पाणी आत सोडतो. आडव्या, बुटक्या टाकीत ते गार पाणी खाली वेगळं राहत नाही, सगळ्यात मिसळतं. ६५ अंशांचं अर्धं आणि २५ अंशांचं अर्धं, म्हणजे ४५. ऊब कुठे गेलीच नव्हती, पातळ झाली होती. गोधड्यांचा इथे काही उपयोग नव्हता, पण आजींसमोर मी ते बोललो नाही.

दुसरा दोष नळ्यांमध्ये. व्हॅक्यूमच्या काचनळ्या, आणि त्यांत सरळ बोअरचंच पाणी फिरत होतं. पाण्याचा कठीणपणा निघाला लिटरला ४८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, त्यामुळे "पाणी चांगलं आहे" हे मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पोटाला चालतं ते गरम नळीला चालत नाही. पाणी साठ अंशांपुढे गेलं की त्यातला विरघळलेला चुना वेगाने बाहेर पडतो. एक नळी उपसून उलटी केली तर तळातून बोटभर पांढरा गाळ पडला. टाकीतली विजेची कॉइल तर क्षारांच्या कवचात जळून गेली होती.

तिसरी गोष्ट पाइपची. गच्चीवरून धुण्याच्या जागेपर्यंत एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, बावीस मीटर, उघडा. त्यात साडेबारा लिटर पाणी मावतं. नळ दर वेळी उघडला की आधी तेवढं गार झालेलं पाणी येतं. कॅन धुणाऱ्या मावशी ते सरळ नालीत सोडत आणि कंटाळून शेवटी बंबाचंच पाणी घेत. त्या म्हणाल्या, "आमाले दुपारी दोनले आंघोय नाई कराची भाऊ, सकाई सहाले कॅन धुवाचे हायेत." सगळ्या अहवालाचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. पण पैसे मला मिळाले.

कोणत्या पाण्याला किती तापवायचं

नवीन काही विकत घेण्याआधी आठवडाभर वही ठेवली. प्रत्येक वापराला वेळ, लिटर आणि तापमान, एवढंच. मावशींच्या मुलीने ती नीट लिहिली, काही रकाने माझ्यापेक्षा नीट.

धुण्याला रोज १,२०० लिटर पाणी लागत होतं आणि ते सगळं बंबातून ८० अंशांना काढलं जात होतं. २५ वरून ८० वर न्यायला रोज सुमारे ७७ युनिट उष्णता. (इथे युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच, ८६० किलोकॅलरींचं.) दुधाला यापेक्षा कमी. सकाळचं दूध धारोष्णच, ३२ अंशांच्या आसपास येतं. ते ६३ वर न्यायला पाचशे लिटरला १७ युनिट. संध्याकाळचं दूध रात्रभर ४ अंशांवर ठेवून मग तापवतात, त्याला ३३. म्हणजे दुधाला ५० आणि धुण्याला ७७. डेअरीतला सगळ्यात मोठा खाणारा घटक दूध नव्हता, मोरी होती.

गॅसच्या बंबाची हालत पाहता किलोमागे नऊ युनिट पाण्यात उतरत होती. १२७ भागिले नऊ, म्हणजे रोज चौदा किलो, म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस सिलिंडर. मालकांच्या वहीतही तेवढेच निघाले. हिशेब आणि वही जुळली की मला त्या रात्री शांत झोप लागते.

आता प्रश्न असा की सगळ्याच पाण्याला ८० अंश कशाला? धुण्याचे टप्पे वेगळे असतात. पहिलं खंगाळणं कोमट पाण्याने, ४० अंशांच्या आसपास. दुधातली चरबी त्या तापमानाला सुटते. पाणी उकळतं असेल तर दुधातली प्रथिनं भांड्यालाच शिजून चिकटतात. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्यामुळे इथे ही चूक जास्त महाग पडते. मग कॉस्टिक सोड्याचं धुणं, साधारण एक टक्क्याचं द्रावण, ७० अंशांच्या आसपास. आणि शेवटी निर्जंतुकीकरणाचं पाणी, ८५. इथे मात्र पहिल्यापासून ८० चं पाणी मारत होते, जास्त गरम म्हणजे जास्त स्वच्छ या समजुतीने. पातेल्याच्या कोपऱ्यातला जो पांढरा थर घासून घासून निघत नव्हता, तो आपणच रोज भाजून पक्का करत होतो, हे कळल्यावर मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

टप्प्यांप्रमाणे वाटणी केली : ४०० लिटर ४० अंशांना, ६०० लिटर ७० ला, २०० लिटर ८५ ला. एकूण ५२ युनिट. ७७ वरून ५२! सूर्याची एक किरणही न वापरता, दोन नळ आणि एक मिक्सिंग व्हॉल्व्ह यांच्या जोरावर. पुढे सोलरच्या नावावर जी बचत सांगितली जाते तिच्यात ही बचत कुणी मिसळू नये, म्हणून ती इथे आधीच बाजूला काढून ठेवतो.

दूधच सोलरवर का नाही?

मालकांना खरं तर ते हवं होतं. "सूर्यावर तापवलेलं दूध" असं पिशवीवर छापायचं त्यांच्या मनात होतं. महाराष्ट्रात हे मोठ्या प्रमाणावर झालेलंही आहे. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ च्या सुमारास १६० चौरस मीटरची, सूर्यामागे फिरणारी तबकडी बसवली गेली आणि तिच्या उष्णतेवर दूध पाश्चराइज होऊ लागलं. पण ती व्यवस्था मोठ्या डेअरीची, दाबाखालच्या पाण्याची आणि राबत्या तंत्रज्ञांची. हजार लिटरच्या धंद्याला तेवढं आवरता येत नाही.

शिवाय दुधाच्या बाबतीत ढगाला सवलत नाही. पातेल्यात ६३ अंश अर्धा तास टिकलेच पाहिजेत. ६१ वर थांबलं तर ते दूध पाश्चराइज झालेलं नाही, बस्स. धुण्याच्या पाण्याला दोन अंश कमी पडले तर बंब भर घालतो आणि कुणी आजारी पडत नाही. म्हणून दूध गॅसवर आणि मोरी सूर्यावर, असं ठरलं. पिशवीवर छापायला यात काही नव्हतं, त्यामुळे मालक जरा हिरमुसले.

नवी मांडणी

काचनळ्या की सपाट पॅनेल, यावर दोन दिवस वाद झाला. नळ्या स्वस्त आणि थंडीत चांगल्या. पण विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, आणि या भागात वानरांच्या टोळ्या गच्च्यांवरून ये-जा करतात. जुन्या यंत्रणेच्या नऊ नळ्या दोन वर्षांत फुटल्या होत्या. त्यातल्या किती गारांनी आणि किती वानरांनी, यावर घरात आजही मतभेद आहेत. कडक काचेचे सपाट पॅनेल घेतले, दोन चौरस मीटरचे बारा, एकूण २४ चौरस मीटर. तोंड दक्षिणेला, उतार ३१ अंशांचा. नागपूर २१ अक्षांशावर आहे. त्यात दहा अंश वाढवले की हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन जास्त सरळ लागतं. गरज हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी, म्हणून हा कल मुद्दाम.

पॅनेलमधलं पाणी वेगळं ठेवलं. तेच ते मऊ पाणी पॅनेल आणि टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरत राहतं. धुण्याचं पाणी पॅनेलमध्ये जातच नाही. पॅनेल टाकीच्या तळापेक्षा आठ अंशांनी गरम झालं की छोटा पंप सुरू होतो, फरक तीनवर आला की बंद. टाकीत येणाऱ्या पाण्यालाही सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, लावला.

टाकी उभी, उंच, २,००० लिटरची, १०० मिलिमीटर फोमची, स्टेनलेस स्टीलची. गच्चीवर नाही, धुण्याच्या जागेला लागूनच, लोखंडी घोडीवर. पाइप बावीस मीटरवरून चारवर आला आणि त्यावर आवरण चढलं. आणि सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक टायमरवाला व्हॉल्व्ह. रात्री पाणी काढलं तरी टाकी भरत नाही, पातळी नुसती उतरते. सकाळचं धुणं उरकल्यावर नऊला व्हॉल्व्ह उघडतो आणि गार पाणी आत येतं, मग दिवसभर तापतं. रात्रीचे ५०० आणि सकाळचे ७०० लिटर काढल्यावरही तळाशी ८०० उरतात, त्यामुळे वेटोळं कधी उघडं पडत नाही.

पहिल्या सकाळी नळावर ६७ अंश आले. आदल्या संध्याकाळी ७० होते.

पुढे काय काय बिघडलं

सॉफ्टनर धुतल्यावर निघणारं खारं पाणी प्लंबरने सवयीप्रमाणे नेपिअर गवताच्या वाफ्याकडे काढून दिलं होतं. महिन्याभरात वाफ्याची एक कड पिवळी पडून करपली. चूक माझी, नकाशावर मी ती नाली काढलीच नव्हती. आता ते पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात जातं.

मग आला मे. २६ तारखेच्या आसपास नागपुरात दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, हवा ४५ पार. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं साधं पाणीच दुपारनंतर ४० अंशांचं असतं, म्हणजे पहिल्या खंगाळण्याला वेगळं तापवायची गरजच नाही. गरज घटलेली आणि ऊन मात्र भरपूर. एका लग्नापायी दोन दिवस पनीरचं काम बंद होतं, तेव्हा टाकी ९० वर गेली, पंप थांबला, पॅनेलमधलं पाणी उकळून सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली. आवाज ऐकून शेजारचे धावत आले. नुकसान काही नाही, फिरतं पाणी पुन्हा भरावं लागलं. त्यानंतर एप्रिलअखेर चार पॅनेलवर हिरवी जाळी टाकतात, नागपुरात झाडांवर आणि कूलरवर टाकतात तीच. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की काढतात.

पावसाळ्याबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये सोलरकडून निम्म्याहून थोडी जास्तच गरज भागली, उरलेली गॅसने. सलग झड लागली की टाकी ४०-४५ वर असते. तेही वाया नाही, बंबाला २५ ऐवजी ४५ चं पाणी मिळतं.

पैशांचं

उघडिपीच्या महिन्यांत सिलिंडर बावीस-तेवीसवरून नऊ-दहावर आले, पावसाळ्यात तेरा. खर्च आला सगळा मिळून पाच लाखांच्या आसपास, सॉफ्टनर आणि घोडी धरून. त्या काळात १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर १,९०० रुपयांच्या घरात होता. वाचलेले बारा-तेरा सिलिंडर धरले तर पैसे पावणेदोन वर्षांत फिटतात, आणि पुरवठादार हाच आकडा पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतोय. तो खरा नाही. त्यातले चार सिलिंडर नळ वेगळे केल्यामुळे वाचले, त्याचा सूर्याशी संबंध नाही. सोलरच्या वाट्याचे साडेआठ, पावसाळ्यात त्याहून कमी. त्या हिशेबाने फेड तीन वर्षांच्या आसपास. पॅनेल त्याहून कितीतरी जास्त वर्षं टिकतात, तेव्हा सौदा वाईट नाही. पण दीड-पावणेदोन वर्षांचं स्वप्न दाखवून विकायचंही कारण नाही.

कॉस्टिकही कमी लागतं असं मावशी म्हणतात. मऊ पाण्यात तसं होणं साहजिक आहे, पण आम्ही ते मोजलेलं नाही.

कुत्र्याची जागा

आता मालकांना आणखी चार पॅनेल हवे आहेत, संध्याकाळच्या दुधाला पातेल्यात जाण्याआधी थोडं कोमट करायला. कल्पना चुकीची नाही. पण मी त्यांना मागच्या डिसेंबरात पुन्हा त्या कंडेन्सरपाशी नेलं. संध्याकाळचं पाचशे लिटर आणि कच्चं जाणारं पाचशे, असं रोज हजार लिटर दूध ३३ वरून ४ अंशांवर आणताना बल्क कूलर त्यातून ३२ युनिटांहून जास्त उष्णता काढतो, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची भर घालतो आणि सगळी हवेत फुंकतो. एका खोलीत गॅस जाळून पाणी तापवायचं आणि शेजारच्या खोलीत दुधाची ऊब बाहेर टाकायची, असा प्रकार. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरच्या मधे एक उष्णता-बदलक (ती ऊब पाण्याला देणारं यंत्र) बसवला तर त्यातली सगळी नाही, पण पहिल्या खंगाळण्यापुरतं कोमट पाणी रात्री, पावसात, ढगातही मिळेल.

दूध आधी बोअरच्या पाण्याने थंड करून कूलरचा भार हलका करावा, असंही मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं. थंड प्रदेशात ते जमतं. आमच्या बोअरचं पाणीच पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचं. ३३ चं दूध त्याने २८-३० वर येईल. त्यावर पैसे घालू नका, असं सांगितलं.

चार पॅनेल की उष्णता-बदलक, हे अजून ठरलेलं नाही. पॅनेल गच्चीवर दिसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येतात. हे यंत्र कूलरच्या मागे लपून राहणार. मालक कंडेन्सरसमोर थोडा वेळ हात धरून उभे राहिले. मग खाली बघून म्हणाले, "अन् मंग हे कुठं झोपन?"